असल चामडं, अस्सल रेक्झिन

आमच्या काकांच्या गाडीची सीट फाटली आहे असं कुणी म्हटलं की काका लगेच दुरुस्ती करतात. सीटची नव्हे, म्हणणाऱ्याची. "फाटतं ते कापड. चामडं तडकतं." भाषेच्या या डागडुजीवर त्यांनी पंधरा वर्षं काढली. तेवढ्या अवधीत तडा इतका रुंदावला की आतला काथ्या बाहेर डोकावून रहदारी बघू लागला. एक स्प्रिंग वर आली. पुढे खड्डा आहे ही बातमी शेजारी बसणाऱ्याला डोळ्यांच्या आधी स्प्रिंगकडून मिळू लागली. शेजारी बसणारी व्यक्ती पंचेचाळीस वर्षं एकच आहे. एका रविवारी ती व्यक्ती, म्हणजे काकू, फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी रिक्षाने येते. तिची सीट फाटलेली असते, पण तिथे फाटलेलीच म्हणतात."

त्या दिवशी सीट दुरुस्त करायचं ठरलं.

गाडी म्हणजे एमजी टीडी. लाल, उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची. वर हवं तेव्हा ओढायचं कापडी छप्पर, जे पाऊस थांबल्यावर नीट बसतं. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अशा तीस हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. एक रस्ता चुकून पुण्याच्या कॅम्पात आली. 1973 साली अरबांनी तेल आखडलं, पेट्रोल भडकलं, आणि पुढच्याच वर्षी एका पारशी बाबांनी ती काकांना विकली. "विकली नाही, सोपवली," असं काका म्हणतात. पैसे मात्र मोजून घेतले होते.

इंजिन साडेबाराशे सीसीचं. आजच्या साध्या घरगुती गाडीचंही साधारण तेवढंच असतं, पण हे वाक्य काकांच्या घरी चहा मिळेपर्यंत बोलायचं नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, हे काका आयुष्यभर लोकांना सांगत आले. पुण्यात एमजी म्हटलं की लोकांना महात्मा गांधी रस्ता आठवतो. त्यामुळे "एमजी घेऊन एमजी रोडला गेलो होतो" या वाक्यावर निदान दहा मिनिटांचं निरूपण लागायचं. 2019 नंतर एमजी नावाच्या नव्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि ती सोय झाली. आता सोसायटीचा वॉचमन पाहुण्यांना सांगतो, "साहेबांकडे एमजी आहे. जुनी हेक्टर." कंपनीची मालकी हल्ली चीनमध्ये आहे हे काकांना ठाऊक आहे, पण घरात तो विषय काढत नाहीत. प्रत्येक घराण्यात असं एखादं लग्न असतंच.

आता सीटकडे वळू. या गाडीत बसायच्या गाद्या दोन, पण पाठ एकच, दोघांत मिळून. पुढच्या काळात इंग्रजांनी दोघांना दोन स्वतंत्र खुर्च्या दिल्या. टीडी त्याच्या आधीची, संयुक्त कुटुंबातली. एकाने जोरात अंग टाकलं की दुसऱ्याला हिसका बसतो. काका-काकूंचं एकमेकांशी बोलणं बंद असलं तरी या पाठीमार्फत देवाणघेवाण चालू राहते.

दुरुस्तीचा पहिला टप्पा तेलाचा होता. जुन्या गाड्यावाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सगळे सत्तरीपुढचे. पूर्वी ते एकमेकांना गुडघ्यांसाठी तेलं सुचवत, तीच आता सीटला सुचवू लागले. एकाने एरंडेल सांगितलं. दुसऱ्याने केळ्याच्या सालीची आतली बाजू. तिसऱ्याने दूध, आणि तेही म्हशीचं, कारण "चामडं शेवटी कुणाचं आहे!" काकांनी शास्त्रीय विचार करून, म्हणजे घरात जे होतं ते बघून, खोबरेल निवडलं. दिवाळी नुकतीच झाल्यामुळे अभ्यंगाचं वातावरण होतंच. दोन्ही गाद्यांना आणि पाठीला तीन दिवस मर्दन झालं. फक्त उटणं राहिलं.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी काकांनी गाडीवरचं कापड उचललं तर सगळ्या भेगांमध्ये पांढरी बुरशी. मला फोन आला. मी गेलो. काकांचे एक निवृत्त डॉक्टर मित्र भिंग घेऊन आधीच हजर होते आणि "पसरलंय खरं" असं, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर बोलतात तशा खालच्या आवाजात बोलत होते. काकू भाजीची पिशवी घेऊन जाता जाता थांबली, एक बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाली, "थिजलंय खोबरेल. ऊन आलं की बरं होईल." ऊन आलं, बरं झालं. मग मुंग्या आल्या.

तेव्हा काकांनी अभ्यासाला सुरुवात केली. अभ्यासातून पहिली गोष्ट अशी निघाली की गाडीच्या चामड्याला आपण कधी हात लावलेलाच नसतो. आपण हात लावतो तो चामड्यावरच्या रंगाच्या पातळ पापुद्र्याला. त्या काळी हा थर सेल्युलोज लॅकरचा असे. उन्हाने कडक होतो तो आधी, आणि बारीक जाळं पडतं तेही त्याच्यावर. थर शाबूत असेल तिथे तेल आत जातच नाही, वरच्यावर बसून धूळ गोळा करतं. तडकला असेल तिथे मात्र नको इतकं आत जातं. थोडक्यात, ज्याला गरज नाही त्याला मिळत नाही, ज्याला गरज आहे त्याला सोसत नाही. दुसरी गोष्ट साबणाची. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं, आपला कपड्यांचा साबण अल्कधर्मी, त्यामुळे घासून धुतलं की ते आणखी कडक होतं. ही माहिती काकांना मुंग्या घालवण्यासाठी साबणाने घासून झाल्यावर मिळाली.

म्हणून मग सीट सोडवायची ठरली.

पाठीचं चामडं लाकडी फळीवर चुका मारून ताणलेलं होतं. चूक म्हणजे बारीक, रुंद डोक्याचा खिळा. अनेकवचनी चुका. हा शब्द ज्याने घडवला त्याने आधी स्वतः सीट शिवली असणार. काका एकेक चूक पकडीने उपटत होते, मी ताटलीत गोळा करत होतो आणि काकू ओट्यापाशी उभं राहून विचारत होती, "किती चुका झाल्या?" एकशे त्रेचाळीस झाल्या. काकांनी त्या एका डबीत भरल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली, "मूळ चुका. टाकू नयेत." काकूने ती वाचली. म्हणाली, "माझ्याकडे पण आहे अशी डबी."

गोटाची शिवण उसवली तेव्हा सगळे क्षणभर गप्प झालो. वरून सीट आमसुलाच्या रंगाची झाली होती. पण गोटाच्या घडीखाली, जिथे सत्तर वर्षं ऊनच पोचलं नव्हतं, तिथे बोटभर रुंदीची लाल पट्टी जशीच्या तशी होती. नवरीच्या शालूसारखी लाल. ज्यांचा हा धंदा आहे ते मूळ रंग शोधायला आधी अशाच घड्या उलगडून बघतात. काकांनी त्या पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी तो रंग ओळखला आणि अकरा नावं सांगितली.

आणि मग काथ्यात हात घातल्यावर काहीतरी टोचलं. काकांना वाटलं स्प्रिंग. निघाली मोत्याची कुडी.

इथे थोडं थांबावं लागेल. ही कुडी 1981 साली हरवली होती. साताऱ्याच्या एका लग्नाहून काका-काकू याच गाडीने परत आले, तेव्हा घरी आत्या राहायला आलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी काकूच्या डब्यात एकच कुडी होती. काकूने आत्यावर कधी आळ घेतला नाही. ती फक्त चार दशकं, आत्या घरी आली की, "आमच्याकडे वस्तू हरवत नाहीत, जातात" एवढंच एक वाक्य कुणाकडेही न बघता म्हणत आली. आत्यानेही उत्तर दिलं नाही. ती फक्त चार दशकं, आमच्याकडे यायचं झालं की, रिकामी पर्स उघडी ठेवून यायची.

काकूने कुडी हातात घेतली. पदराने पुसली. मोती पिवळे पडले होते. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येईल. ती काकांकडे वळली आणि म्हणाली, "तेव्हाच सीट नीट करून घेतली असतीत तर वन्संचं नाव खराब झालं नसतं."

दोष इतक्या चपळाईने हस्तांतरित झालेला मी आयुष्यात पाहिलेला नाही. पुढे तिने बजावलं की हे घराबाहेर जाता कामा नये. मी मान हलवली. कुडीचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर चार मिनिटांपूर्वीच टाकला होता. आत्याचं उत्तर आलंसुद्धा होतं. जोडलेल्या दोन हातांचं चित्र, बाकी काही नाही. त्या चित्रात जेवढा मजकूर होता तेवढा कादंबरीत मावला नसता.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचं काहीही बिघडलं की माणूस नाना पेठेत जातो. एका बोळात सीट कव्हरवाले चाचा आहेत. दुकान इतकं भरलेलं की स्वतः चाचा बहुतेक वेळा बाहेर स्टुलावर बसतात. त्यांनी आमचं उसवलेलं चामडं दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, त्याचा पापडासारखा आवाज ऐकला आणि म्हणाले, "साहेब, रेक्झिन टाकू. दोन तासांत देतो. वर मानेच्या दोन उश्या फ्री."

काकांचा चेहरा श्रीखंड मागितल्यावर कुणी साखर कालवलेलं दही पुढे करावं तसा झाला. "रेक्झिन?" ते म्हणाले. "या गाडीला? रेक्झिन?"

"लेदर दिसतं सेम टू सेम," चाचा म्हणाले.

"दिसतं!" काका म्हणाले आणि निघाले. चाचा मागून शांतपणे म्हणाले, "या परत."

रेक्झिनबद्दल काकांच्या मनात जेवढा तिरस्कार आहे तेवढा आपल्या सगळ्यांच्या मनात थोडाफार असतो, आणि तो कृतघ्नपणाचा आहे. आपली पिढी रेक्झिनवर वाढली. एसटीचं बाकडं रेक्झिनचं. त्याला पडलेल्या भोकात बोट घालून स्पंज उकरत शाळेचा प्रवास व्हायचा. फॅमिली डॉक्टरांचं तपासायचं टेबल हिरव्या रेक्झिनचं, मे महिन्यात त्यावरून उठताना पाठीची साल मागे राहते की काय असं वाटायचं. पेटीची खोळ, लग्नाच्या अल्बमचं पुठ्ठ्याचं कव्हर, स्कूटरची सीट, वडिलांची ऑफिसची बॅग, सगळं रेक्झिन. आपल्या आयुष्यातलं खरं चामडं पायात आणि तबल्यावर होतं, बाकी सगळा संसार रेक्झिनने झाकलेला होता. तरी बैठकीत एखाद्याच्या सोफ्यावर हात फिरवून "रेक्झिन आहे" म्हणताना आपला आवाज "सावत्र आहे" म्हणताना लागतो तसा लागतो.

असो. काकांनी धारावीचा बेत आखला. सकाळच्या गाडीने दादर, तिथून सायन, तिथून चालत. धारावीत चामड्याच्या दुकानांची रांगच आहे. बाहेर पर्स आणि जॅकेटं टांगलेली, आत विचारलं तर गुंडाळ्या. चामडं चौरस फुटावर विकतात हे कळताच आम्हा पुणेकरांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. काकांनी ताबडतोब विचारलं, "कार्पेट की बिल्ट-अप?"

प्रश्न बरोबर होता. चामडं काही पंचासारखं चौकोनी येत नाही. ते जनावराच्या आकाराचं येतं, चार पायांचे चार कोपरे, मानेचं टोक, पोटाच्या लोंबत्या कडा. मोजणी सगळ्याची होते, उपयोगी पडतं मधलं. पाठीवरचं चामडं घट्ट, सीटला तेच लावायचं. पोटाकडचं सैल, ते ताणलं की ताणलेलंच राहतं. दुकानदाराने हे समजावून सांगताना स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग काकांच्या पोटाकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं टाळलं. अठ्ठेचाळीस फूट घेतलं, त्यातलं कार्पेट तीस भरलं. बाल्कनी बरीच होती.

एका जागी लांब ओरखडा होता. काका म्हणाले, हे खराब आहे. दुकानदार म्हणाला, "कुंपणाची तार लागली असेल बिचारीला. ओरखडा आहे म्हणून तर असली आहे. नकलीला कुठे जखम होते?" हे वाक्य काकांना इतकं आवडलं की ते पैसे कमी करायला सांगायचं विसरूनच गेले. दुकानदाराने ते रोज किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब मी लोकलमध्ये करत होतो. काकांच्या मांडीवर म्हशीची गुंडाळी आडवी होती आणि समोरचा माणूस आपले पाय आकसून घेत होता.

घरी काकूने दारातच अडवलं. "कुणाचं आहे?"

"म्हशीचं."

"हॉलमध्ये ठेवायचं नाही. पलीकडे देवघर आहे."

मी म्हटलं, "काकू, हॉलमध्ये तबला आहे, त्यावर काय आहे?"

"त्याच्यावर शाई आहे," काकू म्हणाली. असल्या उत्तरापुढे तर्कशास्त्र हात टेकतं.

काकांनी मग तिला वेगळ्या वाटेने गाठलं. काकूचं माहेर वेंगुर्ल्याचं. चामडं कमावायला साली आणि फळं लागतात. आपले कोल्हापूरचे कारागीर चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले, आणि इंग्रजांच्या राज्यात हिरडा मुंबईहून बोटी भरभरून विलायतेला जायचा, तिथल्या चामडं कमावणाऱ्यांकडे. बाजारात त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि त्यांतली एक चक्क वेंगुर्ल्याच्या नावाने ओळखली जायची. काकूने हे पूर्ण ऐकून घेतलं. गुंडाळी हॉलमध्ये आली. संध्याकाळी तिने माहेरी फोन करून सांगितलं की इंग्रजांच्या खुर्च्या आपल्या हिरड्यावर उभ्या होत्या.

आणि त्याच रात्री घात झाला.

इंग्लंडातल्या एका मित्राने टीडीच्या मूळ अंतर्भागाबद्दलची काही पानं स्कॅन करून पाठवली होती. आता सगळं ओरिजिनलप्रमाणे करायचं तर शिवणीची संख्या, गोटाची जाडी, सगळं तपासायला हवं. काका चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. एका ओळीपाशी थांबले. चष्मा खाली घेतला. पुन्हा वाचलं. मग मला फोन केला आणि मी "काय झालं" म्हणायच्या आत, एखाद्या वडीलधाऱ्याचं जुनं प्रकरण उघडकीस यावं अशा आवाजात म्हणाले, "अरे, बसायच्या आणि टेकायच्या जागेला चामडं. बाकी सगळं... बाकी सगळं लेदरक्लॉथ."

"म्हणजे?"

बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. "रेक्झिन."

सीटच्या बाजू, पाठीची मागची बाजू, दारांची आतली अंगं. कारखान्यातून निघतानाच. काका पन्नास वर्षं दारावर कोपर टेकवून ज्या असल चामड्याचा स्पर्श अनुभवत होते, ते पारशी बाबांच्याही आधीपासून रेक्झिनच्या जातीचं होतं. आता ओरिजिनल करायचं तर दारांना चामडं लावणं हा भ्रष्टाचार ठरणार होता. असलीपणासाठी नकली लावणं भाग होतं.

पण काकांचं एक आहे, त्यांची निष्ठा एका रात्रीत वळते. सकाळी मी गेलो तर ते रेक्झिनचे भक्त झालेले होते. रेक्झिन हे मुळात एका इंग्लिश कंपनीचं नाव. मँचेस्टरजवळ एक गाव आहे, तिथे ती होती. गावाचं नाव हाइड. इंग्रजीत कातड्यालाही हाइडच म्हणतात, फक्त स्पेलिंग निराळं. कातडं नावाच्या गावात बसून खोटं कातडं बनवायचं याला हिंमत लागते, असं काका कौतुकाने म्हणाले. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप द्यायचा, त्यात रंग घालायचा, आणि वरून चामड्याच्या सुरकुत्यांचा ठसा मारायचा. इंग्रजांच्या आगगाड्या आणि मोटारी त्याने मढवलेल्या. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे तेच, ज्याच्या पट्टीवर दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली राजा हरिश्चंद्र उतरवला. स्फोटकंही त्याच घराण्यातली. "म्हणजे आपण इतकी वर्षं सिनेमा आणि सुरुंग यांच्या मधोमध कोपर टेकवून बसलो होतो!" काका म्हणाले. एवढ्या आनंदात मी त्यांना थेट 1974 च्या फोटोतच पाहिलेलं आहे.

"आणि लेपात आणखी काय घालायचे माहीत आहे? कापराचं तेल."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कापूर?"

"कापूर."

"मग ते देवघराजवळ चालेल," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही परत नाना पेठेत. चाचा त्याच स्टुलावर होते. त्यांनी आम्हाला लांबूनच पाहिलं आणि चहा सांगितला. काका बराच वेळ टायरच्या भावाबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "ते आपलं... रेक्झिन बघायचं होतं."

"कुठलं देऊ?" चाचा पापणीही न लववता म्हणाले. "असली की डुप्लिकेट?"

काकांनी त्यांना जुन्या रेक्झिनची घडण सांगितली. कापड, सेल्युलोज, कापूर. चाचांनी सगळं ऐकलं. "कापराचं रेक्झिन मंडईमागे पूजेच्या दुकानात बघा, साहेब," ते म्हणाले. "आमच्याकडे पीव्हीसी." खरं होतं. रेक्झिन हे नाव तेवढं उरलंय, आत आता प्लॅस्टिक असतं. म्हणजे काकांना हवी होती नकलीची असली, आणि मिळत होती नकलीची नक्कल. चाचांनी नमुन्यांचं पुस्तक उघडलं. त्यात शहामृगाच्या कातड्याचं रेक्झिन होतं, मगरीचं होतं, लाकडाचं सुद्धा होतं. साधं, म्हातारं, निमूट लाल रेक्झिन शेवटच्या पानावर होतं. गोटाखालची ती बोटभर पट्टी आम्ही त्याच्याशेजारी धरली. चाचांनी पहिल्यांदा चष्मा लावला. उन्हात नेऊन पाहिलं, सावलीत आणून पाहिलं. म्हणाले, "एक आणा काळा टाकावा लागेल. चामड्याच्या रंगात." त्यांचं बरोबर होतं, आणि ग्रुपवरच्या अकरा जणांचं चूक.

चाचांनी चामडं शिवायला मात्र पाठीच्या उभ्या पन्हाळ्यांपर्यंतच होकार दिला. त्यांचं मशीन रेक्झिनला सरावलेलं. कापडावरची शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालता येते. चामड्यावर सुईचं भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. उसवलं तरी ठिपक्यांची रांग जन्मभर तशीच. त्यामुळे गोटाच्या कोपऱ्यांसाठी आम्हाला आमच्या कोपऱ्यावरच्या मामांकडे यावं लागलं. मामा चाळीस वर्षं एका झाडाखाली चपला शिवतात. त्यांच्याकडे आरी, दाभण, रापी, मेणाचा गोळा आणि पुण्यातल्या प्रत्येक माणसाच्या चालण्याबद्दल एक मत आहे. काका म्हणे टाच आतून झिजवतात.

मामांनी आधी नकार दिला. मोटारीचं काम मोठ्या लोकांचं, म्हणाले. तेव्हा काकांनी त्यांना कॉनोलींची गोष्ट सांगितली. लंडनमधले दोघे भाऊ, 1878 साली सुरुवात केली ती बूट दुरुस्तीपासून. पुढे रोल्स-रॉइस, जॅग्वार, अ‍ॅस्टन मार्टिन, सगळ्यांच्या सीटा त्यांच्या चामड्याच्या. इंग्लंडच्या पार्लमेंटातली बाकंसुद्धा. तात्पर्य, गाडीचं चामडं आणि पायातली चप्पल एकाच घरातली.

मामांनी दोऱ्याला मेण लावता लावता विचारलं, "आता कसं चाललंय त्यांचं?"

"2002 साली कारखाना बंद पडला."

"माझं चालू आहे," मामा म्हणाले आणि काम हातात घेतलं.

चार कोपऱ्यांना त्यांना तीन दिवस लागले, कारण मध्ये शाळा सुरू झाल्या आणि बुटांची गर्दी उसळली. टाके इतके सारखे होते की काकांनी पट्टी लावून मोजले आणि मग, मामा बघत असल्यामुळे, पट्टी खिशात ठेवली. नव्या चुका मी ठोकल्या. किती, ते विचारू नये. तीन वाकल्या, त्या काकांनी जुन्या डबीत टाकल्या.

सीट तयार झाली ती इतकी नवी दिसू लागली की काका अस्वस्थ झाले. गाडी शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी नवी कवळी घालून आल्यासारखी दिसत होती. त्यांनी एक उपाय काढला. रोज सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर पेपर वाचायचा, म्हणजे चामडं अंगाला सरावेल. डावीकडचा अर्धा भाग सरावावा म्हणून आठवड्यातून दोनदा जागा बदलायची. वॉचमन विचारायचा, "साहेब, बॅटरी उतरली का?" हे तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात माझी मुलगी बॉलपेन घेऊन शेजारी बसली. रेघ बारीकच होती, दोन बोटांची. पण काकांनी त्याच दुपारी नाना पेठ गाठली.

चाचांनी काही विचारलं नाही. टेप घेऊन आले, मापं घेतली. दोन तासांत कव्हर शिवून दिलं. लाल रेक्झिनचं. मानेच्या उश्या काकांनी घेतल्या नाहीत, एवढा एक बाणा राखला.

पुढच्या रविवारी आत्या आली. या वेळी पर्स बंद होती. काकूने सापडलेली कुडी डब्यातल्या कुडीशी जुळवली होती आणि ती जोडी आज मुद्दाम घातली होती. दोघींच्याही नजरा एकमेकींच्या कानांवरून खाली उतरत नव्हत्या. चहा झाला. काका म्हणाले, "ताई, चल, एक चक्कर मारू." गाडी दोघांचीच, त्यामुळे आत्या बसली आणि काकू फाटकापाशी उभी राहिली. आत्याने सीटवर हात फिरवला, थोपटून पाहिलं आणि मनापासून म्हणाली, "छान केलंस रे. रेक्झिन टिकतं."

काकांनी तोंड उघडलं. पण कव्हर काढून दाखवायचं तर चौदा हूक सोडवावे लागणार होते. त्यांनी गाडी सुरू केली.

काकू पुढे आली, आत्याच्या बाजूचं दार नीट लागलंय का ते ढकलून पाहिलं आणि वाकून म्हणाली, "वन्सं, कानातल्याची फिरकी घट्ट करून घ्या. ही सीट गिळते."